थायरॉईडच्या कर्करोगानंतरची गोळी: किती, कशासाठी आणि कुठवर

थायरॉईडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन काही महिने उलटले की अनेक रुग्णांच्या हातात रक्ततपासणीचा असा अहवाल येतो, ज्यात टीएसएच या, थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाच्या आकड्यापुढे ‘सामान्यपेक्षा कमी’ अशी खूण असते. प्रयोगशाळेने छापलेली सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते आणि रुग्णाचा आकडा ०.०८ असतो. घरातल्यांना वाटते की शस्त्रक्रियेनंतर रोज घ्यायची थायरॉईड संप्रेरकाची गोळी जास्त होत आहे. एखाद्या वेगळ्याच दुखण्यासाठी गाठलेल्या डॉक्टरांनाही कधी कधी तसेच वाटते आणि ते मात्रा कमी करून देतात. प्रत्यक्षात तो आकडा मुद्दाम तिथे आणून ठेवलेला असू शकतो. याच्या उलटही घडते: आकडा इतका खाली ठेवण्याची गरज केव्हाच संपलेली असते, पण ती मात्रा पुन्हा कोणी तपासून पाहत नाही आणि रुग्ण वर्षानुवर्षे नको इतके औषध घेत राहतो. या दोन्ही चुका टाळायच्या असतील, तर ही गोळी नेमके काय करते हे आधी समजून घ्यावे लागते.

गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला बिलगून असलेली थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ म्हणजे थायरॉक्सिन आणि त्यामानाने थोडे टी-३ तयार करते. पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करते ते टी-३. टी-४ हा त्याचा साठा असतो आणि शरीरातल्या निरनिराळ्या ऊती गरजेप्रमाणे त्यातला आयोडीनचा एक अणू काढून टाकून टी-३ बनवून घेतात. संप्रेरक किती तयार करायचे हे मात्र थायरॉईड स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातले प्रमाण जोखते आणि त्यानुसार टीएसएच हे आपले संप्रेरक कमीअधिक सोडते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की टीएसएच वाढते, जास्त झाले की ते घटते. त्यामुळे टीएसएचचा आकडा नेहमी उलट्या बाजूने वाचायचा असतो: कमी टीएसएच म्हणजे शरीरात थायरॉईड संप्रेरक भरपूर.

आता कर्करोगाचा संबंध. थायरॉईडच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळतो तो पॅपिलरी प्रकार, त्याखालोखाल फॉलिक्युलर. या दोन्ही प्रकारांतल्या पेशी बिघडलेल्या असल्या, तरी आपले मूळ पूर्णपणे विसरलेल्या नसतात. निरोगी थायरॉईड पेशींप्रमाणे त्यांच्या पृष्ठभागावरही टीएसएचला प्रतिसाद देणारे ग्राही असतात, त्या आयोडीन शोषू शकतात आणि थायरॉग्लोब्युलिन नावाचे प्रथिन तयार करतात. शस्त्रक्रियेनंतरचा सारा उपचार आणि सारी देखरेख या तीन गुणधर्मांवर उभी आहे. टीएसएच त्यांना वाढीचा इशारा देते, म्हणून ते खाली ठेवले जाते. त्या आयोडीन घेतात, म्हणून काही रुग्णांना त्या पेशी आतूनच नष्ट करणारे किरणोत्सारी आयोडीन दिले जाते. त्या थायरॉग्लोब्युलिन सोडतात, म्हणून रक्तातले त्याचे प्रमाण पाहून उरलेल्या पेशींचा माग काढता येतो.

एका गोळीची दोन कामे

ग्रंथी काढून टाकल्यानंतर माणसाचे काय होते, हे वैद्यकशास्त्राला फार महागात शिकावे लागले. स्विस शल्यविशारद थिओडोर कोचर यांनी १८८३ मध्ये नोंदवले की, पूर्ण थायरॉईड काढलेले त्यांचे अनेक रुग्ण शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर आले, पण पुढे सुस्त, सुजलेले आणि मंदबुद्धी होत गेले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून अशीच लक्षणे असलेल्या एका स्त्रीवर उपचार केले आणि ती पुढे सुमारे २८ वर्षे जगली. १९१४ च्या अखेरीस एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. आजची लिव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे तेच संप्रेरक, प्रयोगशाळेत बनवलेले. एखादे परके रसायन आयुष्यभर पोटात जाणार, अशी भीती बऱ्याच रुग्णांना वाटते. पण शरीर या गोळीतले थायरॉक्सिन आणि ग्रंथीने बनवलेले थायरॉक्सिन यांत फरक करत नाही. जे काही दुष्परिणाम दिसतात ते मात्रा कमी किंवा जास्त झाल्याचे असतात.

पूर्ण ग्रंथी काढलेल्या प्रौढाला केवळ उणीव भरून काढायची असेल, तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लिव्होथायरॉक्सिन लागते. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला साधारण १०० मायक्रोग्रॅम. टीएसएच दाबून ठेवायचे असेल तर यापेक्षा थोडे अधिक द्यावे लागते. हे फक्त सुरुवातीचे गणित. खरी मात्रा रक्ततपासणीवरूनच ठरते, आणि ती माणसागणिक बरीच वेगळी असू शकते. ग्रंथीचा अर्धाच भाग काढलेल्या काहींना गोळी लागतच नाही, कारण उरलेला भाग काम सांभाळून घेतो.

टीएसएच किती खाली ठेवायचे, हा या उपचारातला मध्यवर्ती प्रश्न आहे. एकेकाळी बहुतेक सगळ्यांनाच टीएसएच जवळजवळ शून्यावर ठेवण्याइतकी मात्रा दिली जात असे. पुढे लक्षात आले की कमी धोक्याच्या रुग्णांना त्याचा विशेष लाभ होत नाही, हानी मात्र होऊ शकते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा विचार आकड्यांत मांडला. आजार पुन्हा डोके वर काढण्याचा धोका जास्त असेल, तर सुरुवातीला टीएसएच ०.१ च्या खाली. मध्यम असेल तर ०.१ ते ०.५ च्या दरम्यान. आणि धोका कमी असून थायरॉग्लोब्युलिनही जवळपास सापडत नसेल तर ०.५ ते २, म्हणजे निरोगी माणसाच्या मर्यादेतच. धोका कोणत्या गटातला, हे गाठीचा आकार, ती ग्रंथीच्या आवरणाबाहेर पसरली होती का, किती लसीकाग्रंथींमध्ये पेशी सापडल्या, रक्तवाहिन्यांत शिरकाव होता का, दूरच्या अवयवांत काही आहे का, अशा गोष्टींवरून ठरते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर आलेला पेशीतपासणीचा मूळ अहवाल हा पुढच्या सगळ्या निर्णयांचा आधार असतो आणि तो जपून ठेवावा.

त्याहून महत्त्वाचा बदल असा की हा धोका एकदाच ठरवून शिक्का मारला जात नाही. उपचारांनंतर दर खेपेला शरीराने कसा प्रतिसाद दिला ते पाहून तो नव्याने ठरवला जातो. सोनोग्राफीत काही नाही आणि थायरॉग्लोब्युलिनही जवळजवळ शून्य, असा उत्तम प्रतिसाद असेल, तर आजार परतण्याची शक्यता १ ते ४ टक्क्यांच्या घरात येते, आणि टीएसएचची पकड सैल करता येते. सुरुवातीला जास्त धोक्याच्या गटात असलेल्यांच्या बाबतीत ती हळूहळू, काही वर्षांत सैल करतात. रक्तात खूण दिसते पण तपासण्यांत गाठ सापडत नाही, अशी मधली अवस्था असेल तर ०.१ ते ०.५ ही मर्यादा राखली जाते. प्रत्यक्ष आजार दिसत असेल, तर सहसा ०.१ च्या खालीच राहावे लागते.

पकड घट्ट ठेवण्याची किंमत

टीएसएच दाबून ठेवणे म्हणजे शरीराला किंचित जास्त थायरॉईड संप्रेरकावर चालवणे. तरुण आणि अन्यथा निरोगी माणसाला ते अनेकदा जाणवतही नाही. काहींना धडधड, हातांची थरथर, घाम, चिडचिड, झोप न लागणे असा त्रास होतो. याहून चिंतेच्या गोष्टी दोन आहेत, आणि त्या गाजावाजा न करता घडतात.

पहिली हृदयाची. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीत, साठीपुढच्या सर्वसाधारण लोकांपैकी ज्यांचे टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन होण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले होते. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते आणि रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. ती माणसे कर्करोगाची रुग्ण नव्हती, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण वयस्क रुग्णाचे टीएसएच तळाला ठेवताना डॉक्टर का कचरतात ते त्यावरून कळते. दुसरी गोष्ट हाडांची. जास्त संप्रेरकामुळे हाडांची झीज भरून येण्यापेक्षा वेगाने होते, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये, ज्यांच्या हाडांना इस्ट्रोजेनचे संरक्षण उरलेले नसते, ठिसूळपणा वाढून अस्थिभंगाची शक्यता वाढते. अशा स्त्रियांची हाडांची घनता वेळोवेळी मोजून घेणे आणि ड जीवनसत्त्व व कॅल्शियम पुरेसे आहे ना हे पाहणे योग्य ठरते.

म्हणूनच दोन रुग्णांचा कर्करोग सारखाच असला, तरी पस्तिशीतल्या एकाला ०.१ च्या खालचे आणि सत्तरीतल्या, हृदयविकार असलेल्या दुसऱ्याला ०.५ च्या आसपासचे लक्ष्य दिले जाऊ शकते. हा हलगर्जीपणा नसतो. माझ्या मते प्रत्येक भेटीत विचारण्यासारखा प्रश्न ‘माझा रिपोर्ट नॉर्मल आहे का’ हा नसून ‘माझे टीएसएच आता किती असायला हवे आणि का’ हा आहे. मिळालेले उत्तर तारखेसह फाईलवर लिहून घ्यावे, म्हणजे पुढे कोणत्याही डॉक्टरांसमोर ती फाईल ठेवली तरी छापील मर्यादेवरून मात्रा बदलली जाणार नाही.

गोळी घेण्याची पद्धत

मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाणारी औषधे शोषणातल्या छोट्या फरकानेही डळमळतात, आणि लिव्होथायरॉक्सिन त्यांतलेच एक आहे. ते सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास, काही खाऊ नये. चहा-कॉफीही त्यात आली. विशेषतः कॉफीने शोषण घटते. ज्यांना सकाळी हे जमत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर किमान तीन तासांनी घेतले तरी चालते. वेळ कोणतीही ठरवा, ती रोज तीच असावी, कारण मात्रा त्या सवयीला धरूनच बसवलेली असते.

कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची काही औषधे या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना कॅल्शियमही चालू असते, आणि सगळ्या गोळ्या एकदाच घेऊन मोकळे व्हावे असा मोह होतो. टीएसएच विनाकारण वाढलेले दिसले की सर्वांत आधी तपासावी अशी गोष्ट हीच. पोटातले आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी, सोयाबीनच्या पदार्थांनी आणि फार तंतुमय आहारानेही शोषणात फरक पडतो. गर्भनिरोधक किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू केल्या तर संप्रेरकाची गरज वाढू शकते.

थायरॉक्सिनचे अर्धआयुष्य सुमारे सात दिवसांचे आहे, म्हणजे घेतलेल्या औषधातला निम्मा भाग आठवड्यानंतरही शरीरात असतो. मोठ्या टाकीत बारीक धारेने पाणी सोडावे तशी ही व्यवस्था आहे: धार थोडी वाढवली किंवा एक दिवस बंद पडली, तरी पातळी लगेच हलत नाही. त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी राहून गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आठवण होताच ती घ्यावी. मात्र त्याच कारणाने, मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवडे थांबल्याशिवाय टीएसएच तपासण्यात अर्थ नसतो. पंधरा दिवसांत तपासणी करून, आकडा बदलला नाही म्हणून पुन्हा मात्रा वाढवणे हे घाईचे होते. गोळीची कंपनी शक्यतो बदलू नये, आणि बदललीच तर तेवढ्याच काळाने एकदा रक्त तपासून घ्यावे. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घेणे बरे, नाहीतर टी-४ चा आकडा तात्पुरता फुगलेला दिसतो.

केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये असलेले बायोटिन हा एक अनपेक्षित घोटाळा आहे. ते शरीरातले संप्रेरक बदलत नाही, पण अनेक प्रयोगशाळांच्या मोजणीच्या पद्धतीत अडथळा आणते. टीएसएच आणि थायरॉग्लोब्युलिन खोटेच कमी दिसू शकतात. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवावे, आणि मात्रा मोठी असेल तर डॉक्टर सांगतील तितके अधिक दिवस.

पथ्याविषयी फार गैरसमज आहेत. कोबी, फ्लॉवर यांसारख्या भाज्या थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात, असे सांगितले जाते. पण ग्रंथीच काढली असेल तर अडथळा येणार कशात? कमी आयोडीनचा आहारही फक्त किरणोत्सारी आयोडीन घेण्यापूर्वी एक-दोन आठवड्यांपुरता असतो. तो आयुष्यभर पाळण्याचे कारण नाही.

माग कसा ठेवतात

पूर्ण ग्रंथी काढून किरणोत्सारी आयोडीनही दिलेल्या रुग्णाच्या शरीरात थायरॉग्लोब्युलिन तयार करणारी पेशी उरायला नको. म्हणून रक्तात ते सापडले तर कुठेतरी पेशी शिल्लक आहेत, असा अर्थ होतो. टीएसएच दाबलेले असताना ते ०.२ नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटरच्या खाली असणे हे उत्तम प्रतिसादाचे लक्षण मानले जाते. एकच आकडा पाहून निष्कर्ष काढू नये, त्याची दिशा पाहावी. ०.३ वर वर्षानुवर्षे स्थिर असलेला आकडा बहुधा निरुपद्रवी असतो, ०.३ वरून ०.६ आणि मग १.२ वर जाणारा आकडा शोध घ्यायला सांगतो. अशी तुलना करायची तर तपासणी दर वेळी त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने व्हायला हवी. ज्यांची अर्धीच ग्रंथी काढली आहे, त्यांच्या शरीरात निरोगी भागही हे प्रथिन बनवतच असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी हे माप तितकेसे उपयोगी नाही.

सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांमध्ये एक अडचण येते. त्यांच्या रक्तात थायरॉग्लोब्युलिनविरुद्ध प्रतिपिंडे असतात, आणि ती मोजणीच्या नेहमीच्या पद्धतीत आकडा खोटाच कमी दाखवतात. म्हणून दर वेळी थायरॉग्लोब्युलिनसोबत प्रतिपिंडांचीही चाचणी करायलाच हवी. ती आढळली तर त्यांचाच चढउतार खूण म्हणून वापरतात: हळूहळू घटत गेली तर चांगले, वाढू लागली तर सावध व्हायचे.

रक्ताच्या जोडीला मानेची सोनोग्राफी असते, कारण पॅपिलरी कर्करोग परतला तर तो बहुतेक वेळा मानेतल्या लसीकाग्रंथींमध्येच परततो. पहिली पाहणी सहसा ६ ते १२ महिन्यांत होते आणि सगळे ठीक असेल तर पुढे तपासण्यांमधले अंतर वाढत जाते. काही वेळा टीएसएच मुद्दाम वाढवून तपासणी किंवा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार करावा लागतो. त्यासाठी पूर्वी गोळी तीन-चार आठवडे बंद करत, आणि तो काळ थकवा, सूज, थंडी आणि उदासीनतेमुळे रुग्णांना फार जड जात असे. आता लागोपाठ दोन दिवस कृत्रिम टीएसएचची इंजेक्शने देऊनही तेच साधता येते आणि गोळी चालू राहते.

शस्त्रक्रियेचे आणि आयोडीनचे काही परिणाम मागे राहू शकतात. थायरॉईडच्या मागे चिकटलेल्या, सहसा चार असलेल्या पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का लागला तर रक्तातले कॅल्शियम घटते. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येणे, पेटके येणे ही त्याची चिन्हे आहेत आणि ती दिसली तर वाट न पाहता तपासून घ्यावे. आवाज घोगरा राहिला तर स्वरयंत्राची तपासणी आणि वाचोपचार उपयोगी पडतात. आयोडीननंतर तोंड कोरडे पडू शकते, चव बदलू शकते, आणि लाळ कमी झाल्याने दात किडू शकतात.

गर्भधारणेचा विचार असेल तर तो आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावा. किरणोत्सारी आयोडीननंतर स्त्रियांना साधारण ६ ते १२ महिने थांबायला सांगतात. गर्भ राहिल्यावर लवकरच थायरॉक्सिनची गरज वाढू लागते, बहुधा पाव ते तिसऱ्या हिश्श्याने, आणि पहिल्या अर्ध्या काळात साधारण दर चार आठवड्यांनी रक्त तपासावे लागते. गोळी बाळाला अपाय करील या भीतीने ती स्वतःहून बंद करणे मात्र खरोखर अपायकारक आहे. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला आईच्याच संप्रेरकावर अवलंबून राहावे लागते.

टीएसएच ठीक असूनही थकवा जात नाही, अशी तक्रार थोड्या रुग्णांची असते आणि ती खोटी मानू नये. रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाची कमतरता, झोप, नैराश्य ही कारणे आधी तपासावीत. टी-३ ची वेगळी गोळी जोडून पाहण्याचा मार्ग काही डॉक्टर अवलंबतात, पण ती रक्तात झपाट्याने चढते आणि उतरते, आणि तिचा फायदा सगळ्यांना होतो असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही.

इथवरचे सारे पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकारांबद्दल झाले. मेड्युलरी हा प्रकार थायरॉईडमधल्या वेगळ्याच, सी नावाच्या पेशींतून उगवतो. त्या टीएसएचला दाद देत नाहीत आणि आयोडीनही घेत नाहीत, म्हणून तिथे टीएसएच दाबून उपयोग नसतो; गोळी केवळ उणीव भरण्यापुरती आणि माग ठेवण्यासाठी कॅल्सिटोनिन व सीईए या चाचण्या. हा आजार काही कुटुंबांत आरईटी जनुकातल्या दोषामुळे उतरतो, म्हणून रुग्णाची जनुकीय तपासणी आणि दोष सापडल्यास जवळच्या नातेवाइकांचीही तपासणी करणे गरजेचे ठरते. आणि पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर आजार पसरून आयोडीन घेईनासा झाला, तरी लगेच औषधांचा मारा सुरू होतोच असे नाही. गाठी लहान आणि मंदगती असतील, तर टीएसएच दाबून ठेवून त्यांच्यावर नियमित नजर ठेवणे हाच पुष्कळदा काही वर्षांचा उपचार असतो. त्या वेगाने वाढू लागल्या तर सोराफेनिब, लेन्व्हाटिनिब किंवा गाठीतल्या जनुकीय दोषाला धरून निवडलेली औषधे वापरतात. त्यांचे रक्तदाब, जुलाब, त्वचा यांवरचे परिणाम सोपे नसतात, आणि ती सुरू असताना थायरॉक्सिनची गरजही वाढू शकते, म्हणून टीएसएचची तपासणी तेव्हा अधिक वेळा करावी लागते.